एकोणीस नंबरची बाटली

जालन्यातल्या भोकरदन-जाफराबादकडच्या एखाद्या गावात गुरांचे डॉक्टर लसीचा डबा घेऊन आले, की पहिली चौकशी कालवडीच्या वयाची होते. "मामा, किती महिन्यांची झाली ही?" मामा महिने मोजत नाहीत. "पोळ्याच्या आधी दोन-चार दिवस झाली बघा." आता संक्रांत होऊन गेलेली, म्हणजे पाच महिने झाले, चालेल. शेजारच्या खुंट्याची आखाजीला झालेली, नववा महिना लागला, ती राहिली. पलीकडे गोऱ्हा आहे, पण त्याला ही लस द्यायचीच नसते. मग डॉक्टर हातमोजे चढवतात, डोळ्यांना चष्मा लावतात आणि बर्फाच्या डब्यातून एक लहानशी बाटली काढतात. तळाशी पांढुरकी भुकटी असते. तिच्यात द्रावण सोडायचे, हलक्या हाताने हलवायचे आणि मानेच्या कातडीखाली दोन मिलिलिटर टोचायचे. त्या दोन मिलिलिटरमध्ये किमान चार हजार कोटी जिवंत जिवाणू असतात. नंतर कानात बारा आकडी पिवळा बिल्ला बसतो आणि कालवड पुन्हा कडब्याकडे वळते.

हे चार हजार कोटी जीव एकाच कुळातले. त्यांचा मूळपुरुष 1923 साली अमेरिकेत एका जर्सी गाईच्या दुधात सापडला. आपल्याकडे कुठल्याही संकरित गाईला सरसकट 'जरशी' म्हणतात. तेव्हा गोठ्यातल्या जरशी कालवडीला टोचलेली लस जर्सीच्याच दुधातून निघालेली आहे, हा योग कुणी मुद्दाम जुळवलेला नाही. लसीचे नाव एस-19 आणि रोगाचे ब्रुसेलोसिस. दवाखान्याच्या कागदावर 'सांसर्गिक गर्भपात' लिहितात. गावात रोगाला वेगळे नाव नाही, गाय गाभडली एवढेच म्हणतात.

नाव नसण्याला कारण आहे. घटसर्प झालेले जनावर दीड-दोन दिवसांत जाते, फऱ्या झाला की लंगडते, सुजते आणि मरते, फाशीत तर आदल्या दिवशी चरणारे जनावर सकाळी दावणीला मेलेले सापडते. हेही जिवाणूंचेच रोग, पण त्यांची धास्ती शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. ब्रुसेला गाईला मारत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात गर्भ पडतो, जार अडकतो, दूध कमी होते. पुढच्या वेळी तीच गाय बहुधा पूर्ण दिवसांचे वासरू देते आणि मागचे सगळे विसरले जाते. उडी मारली असेल, बैलाने ढुशी दिली असेल, कुणाची दृष्ट लागली असेल, अशी कारणे हाताशी असतातच. मधल्या काळात अडकलेला जार कुणी तरी उघड्या हाताने ओढून काढलेला असतो, पडलेला गर्भ उकिरड्यावर गेलेला असतो, कुत्र्याने त्याचा तुकडा दुसऱ्या वाड्यापर्यंत पोचवलेला असतो. त्या एका जारात जेवढे जिवाणू असतात तेवढे त्या गाईच्या वर्षभराच्या दुधातही नसतील. आणि दोन-तीनदा गाभडलेली गाय आठवडी बाजारात विकली जाते तेव्हा ती का विकली, हे विकणारा सांगत नाही. घेणारा दात बघतो, कास बघतो. जिवाणू कासेत दडलेला असतो, पण हात लावून तो कळत नाही.

या जिवाणूचे नाव डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरवरून पडले. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर सैनिकांना चढ-उताराचा, महिनोन्‌महिने न सुटणारा ताप यायचा. 1887 मध्ये ब्रूसने त्या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा केला. तो येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षे गेली. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या माल्टीज डॉक्टरने धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि धनी सापडला. बेटावर शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाईकासमोर धार काढून देत. यापेक्षा ताजे दूध ते कुठले! 1906 मध्ये पलटणीच्या शिध्यातून शेळीचे दूध बंद झाले आणि ताप झपाट्याने उतरणीला लागला.

तिकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग या पशुवैद्याने 1890 च्या दशकात गाभडणाऱ्या गाईंमधून एक जिवाणू शोधला होता. माल्टाचा ताप माणसांच्या डॉक्टरांचा विषय, गर्भपात गुरांच्या डॉक्टरांचा. दोघांच्या वह्या कधी एकत्र आल्या नाहीत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या ॲलिस इव्हान्स यांनी. अमेरिकेच्या कृषी खात्यात दुधातल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या या बाईंनी 1918 मध्ये लिहिले, की बँगचा आणि ब्रूसचा जिवाणू जवळजवळ एकच आहेत, आणि गाईचे कच्चे दूध माणसाला धोक्याचे असू शकते. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती आणि त्या बाई होत्या. मोठ्या नावांनी त्यांना मोडीत काढले, दूधवाल्यांनाही हा निष्कर्ष परवडणारा नव्हता. 1922 मध्ये प्रयोगशाळेत त्यांना स्वतःलाच हा रोग जडला आणि पुढे कित्येक वर्षे तो उलटत राहिला. 1928 मध्ये अमेरिकन जिवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना अध्यक्ष केले. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. या सगळ्या कुळकथेत मला सर्वांत मोठे माणूस त्याच वाटतात. लस त्यांनी काढली नाही, पण दूध तापवण्याचा आग्रह धरायला लागणारा पुरावा त्यांनी दिला, आणि तो रोग स्वतःच्या अंगावर काढला.

लस निघाली ती हलगर्जीतून. जॉन बक नावाचे पशुवैद्य अमेरिकेच्या पशुउद्योग खात्यात काम करत. 1923 मध्ये त्यांनी जर्सी गाईच्या दुधातून जो जिवाणू वाढवला त्याची एक नळी प्रयोगशाळेत साध्या खोलीच्या तापमानाला वर्षाहून अधिक काळ पडून राहिली. पुन्हा हाताशी आली तेव्हा जिवाणू जिवंत होते, पण त्यांचा डंख गेला होता. जनावरात सोडले तर रोग बेताचा होई आणि संरक्षण मात्र चांगले मिळे. हाच नंबर 19. कालवडींना आधीच टोचून ठेवायचे, हा प्रयोग बक यांनी 1930 मध्ये प्रसिद्ध केला आणि 1940 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिकडे ही लस सर्रास वापरात आली. वर्षभर बाकावर पडून टिकलेल्या त्या जिवाणूच्या वंशजांना आता 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये जपावे लागते. द्रावणात मिसळलेली बाटली फार वेळ ठेवता येत नाही, आणि जालन्याच्या मे महिन्यात बर्फ वितळायच्या आत किती गोठे होतील याचा हिशेब डॉक्टरला डोक्यात ठेवावा लागतो.

नंबर 19 चे नेमके काय हरवले, हे पुष्कळ उशिरा उलगडले. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये हॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की गाभण गाईच्या जारात एरिथ्रिटॉल नावाचा एक गोड पदार्थ असतो आणि ब्रुसेला त्यावर तुटून पडतो. जिवाणू नेमका गर्भाशयच का गाठतो, त्याचे हे एक उत्तर. नंबर 19 ला हा पदार्थ पचत नाही, उलट त्याने त्याची वाढ खुंटते. म्हणजे ज्या ठिकाणी त्याने सर्वाधिक धुमाकूळ घालायचा, तिथेच त्याची उपासमार होते.

तरीही तो पुरता निर्विष नाही. वळूत वृषणाला सूज आणू शकतो, म्हणून गोऱ्ह्याला टोचत नाहीत. गाभण गाईला पूर्ण मात्रा दिली तर क्वचित तीच गाभडते. टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर डॉक्टरलाच ताप येतो, तो चष्मा त्यासाठीच. कालवड अगदी लहान असेल तर चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडे लसीला निकामी करतात. मोठी झाल्यावर टोचली तर लसीची प्रतिपिंडे रक्तात रेंगाळतात आणि पुढे तपासणीत निरोगी गाय रोगी ठरते. या सगळ्यातून मधली जी फट उरते ती चौथ्या ते आठव्या महिन्याची. आयुष्यात एकदाच, तेवढ्यातच. एवढ्या अटी असलेली लस इतका काळ टिकली, कारण तिच्याहून फार चांगली दुसरी कुणाला सापडली नाही. आरबी-51 नावाची नवी लस अमेरिकेने 1996 मध्ये स्वीकारली. ती रक्ततपासणीत घोटाळा करत नाही, पण तिच्यातला जिवाणू रिफॅम्पिसिनला जुमानत नाही, आणि माणसातल्या ब्रुसेलावरच्या मुख्य औषधांत रिफॅम्पिसिन येते.

तपासणी मात्र पाहण्यासारखी आहे. परीक्षानळीत दूध घ्यायचे, त्यात निळा रंग चढवलेल्या मेलेल्या ब्रुसेलाचा एक थेंब टाकायचा आणि तासभर कोमट उबेत ठेवायचे. दुधात प्रतिपिंडे असतील तर ती निळ्या जिवाणूंना मलईच्या कणांबरोबर वर ओढून नेतात. खाली दूध पांढरे राहते आणि वर निळे कडे धरते. नसतील तर सगळे दूध फिकट निळे आणि साय पांढरी. जर्मनीतल्या फ्लाइशहाउअरने ही युक्ती 1937 मध्ये काढली. एका गावाचे एकत्र केलेले दूध तपासले तरी कळपात कुणीतरी आहे, एवढा सुगावा लागतो. मग एकेका गाईचे रक्त काढून रोझ बंगाल रंगाच्या थेंबाशी कालवतात; चार मिनिटांत गुलाबी रवा धरला तर गाय पकडली गेली.

पकडल्यावर करायचे काय, इथे आपली आणि अमेरिकेची वाट फुटते. तिकडे 1934 मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली ती दुष्काळ आणि मंदीच्या तडाख्यात. चारा नव्हता, गुरे कमी करायचीच होती, तेव्हा रोगी गाई निवडून मारल्या गेल्या आणि मालकांना भरपाई मिळाली. मराठवाड्यात दुष्काळ पडला की सरकार चारा छावण्या काढते. पंचवीस गावांची गुरे एका माळावर एकाच हौदाला पाणी पितात. महाराष्ट्रात गोहत्या 1976 च्या कायद्याने बंद आहे आणि 2015 मध्ये बैल-वळूही त्यात आले. तेव्हा तपासा-मारा हा मार्ग इथे नाही. सांभाळायची म्हटले तरी रोगी गाय वेगळी बांधायला दुसरा गोठा किती जणांकडे असतो? बहुतेकांकडे एकच छप्पर, त्याखाली दोन गाई, बैलजोडी आणि चार शेळ्या. म्हणून इथे सगळा भार त्या चार महिन्यांच्या फटीवर येतो.

पशुरोगांचे संशोधन या देशात सुरू झाले ते आपल्याच मुलुखात. 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. चार वर्षांत ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरच्या थंड डोंगरावर हलली; आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था तिचीच पुढची पिढी. सुरुवातीचा तिचा मोठा शत्रू होता बुळकांडी, गोठेच्या गोठे रिकामे करणारा. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला. गाभडणाऱ्या गाईंची पाळी फार उशिरा आली. ब्रुसेलासाठी केंद्राची योजना 2010 मध्ये निघाली आणि 11 सप्टेंबर 2019 रोजी मथुरेत तिला मोठे रूप मिळाले. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोहोंसाठी मिळून 13,343 कोटी रुपये मंजूर झाले आणि चार ते आठ महिन्यांच्या सगळ्या कालवडी-वगारींना टोचायचे ठरले. कानातला बारा आकडी नंबर ही त्या मोहिमेची नोंदवही. वाटते तेवढी ती सरळ नाही. लाळ्या-खुरकूताची फेरी ठरलेल्या महिन्यांत येते, पण कालवडी वर्षभर जन्मत असतात. फेरीच्या दिवशी जी तीन महिन्यांची असेल ती पुढच्या फेरीला नऊ महिन्यांची झालेली असते. त्यातून मामांचे पंचांग पोळा, दसरा आणि आखाजीचे.

माणसाला या रोगापासून वाचवतो तो चहा. मराठवाड्यात दूध तापवल्याशिवाय पीत नाहीत, दहीही तापवलेल्या दुधाचेच लागते, खरवस वाफेवर होतो. ब्रुसेला 72 अंशांवर पंधरा सेकंदांत मरतो. उकळीपुढे त्याचा निभाव लागत नाही. अपवाद धारोष्ण दुधाचा, ज्याची थोरवी पैलवानांपासून आजीपर्यंत सगळे सांगतात आणि त्यात तथ्य कमी आहे. आपल्याकडे खरा धोका घोटापेक्षा हातातून आहे. जार ओढणारा शेतकरी, शेळीचे वेत सोडवणारी बाई, धनगर, खाटीक, गुरांचा डॉक्टर यांना हा रोग लागतो. ताप येतो-जातो, घाम फुटतो, सांधे आणि कंबर धरते. टायफॉइडच्या गोळ्या होतात, मलेरिया तपासला जातो. गोठ्याची चौकशी कुणी करत नाही. निदान झाले तर दोन प्रतिजैविके सलग सहा आठवडे घ्यावी लागतात.

शेळ्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारा ब्रुसेला माल्टाचाच, शेळ्या-मेंढ्यांमधला, आणि जालन्यात ज्याच्याकडे गाय नाही त्याच्याकडे दोन शेळ्या तरी असतात, बहुतेक उस्मानाबादी किंवा तिच्या वळणाच्या. राष्ट्रीय मोहिमेतली ब्रुसेलाची लस मात्र कालवडी-वगारींपुरती आहे. शेळ्यांसाठी रेव्ह-1 नावाची लस 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात सँफर्ड एल्बर्ग यांनी तयार केली आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ती चालते. गाभण शेळीला टोचली तर मात्र तीही गर्भ पाडू शकते. जिथे सगळा कळप एका हंगामात वितो तिथे मधला मोकळा काळ निवडता येतो. उस्मानाबादी शेळी बाराही महिने माजावर येते, आणि गावच्या कळपात कुठल्याही दिवशी कुणीतरी गाभण असतेच.