प्रयोग कधी थांबवायचा? २१ जोड्यांची गोष्ट

नवे औषध खरेच गुणकारी आहे का, हे ठरवायला किती रुग्ण लागतात? जास्त रुग्ण घेतले तर उत्तर पक्के मिळते, पण तोवर निम्म्या रुग्णांना औषधाविना ठेवावे लागते. रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) झालेल्या मुलांच्या बाबतीत हा हिशोब फार निष्ठुर होतो.

१९६० च्या आसपास अमेरिकेत एमिल फ्रायराइश आणि सहकाऱ्यांपुढे हाच पेच होता. स्टिरॉइडने आजार आटोक्यात यायचा, पण काही आठवड्यांत उलटायचा. ६-मर्कॅप्टोप्युरिन (६-एमपी) दिल्यास तो जास्त काळ दबून राहील का?

त्यांनी रुग्णांच्या जोड्या लावल्या. चिठ्ठी टाकल्यासारखे, जोडीतल्या एकाला ६-एमपी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. मग एवढेच पाहायचे, की दोघांपैकी आधी कोणाचा आजार उलटला. किती आठवड्यांनी, हे या हिशोबात धरायचेच नाही. औषध निरुपयोगी असेल तर निकाल नाणेफेकीसारखा, निम्मा-निम्मा लागेल. आकडे कोणत्या वक्रात बसतात हे गृहीत न धरणारी, म्हणजे नॉनपॅरामेट्रिक, अशी ही साधी चाचणी.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक जोडीचा निकाल लागला की तो मांडायचा, आणि आधीच आखलेली रेषा ओलांडली की थांबायचे. ही कल्पना अब्राहम वाल्ड यांची, दुसऱ्या महायुद्धात लष्करी मालाच्या तपासणीसाठी काढलेली. (वाल्ड १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले असताना निलगिरीत विमान अपघातात गेले.) वैद्यकात ती रुजवली ब्रिटनच्या पीटर आर्मिटेज यांनी. रेषा आधी का आखायची? कारण पुन्हा पुन्हा डोकावून ‘५ टक्के’ची नेहमीची कसोटी लावली, तर पाच वेळांत खोटा होकार मिळण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनीच हे १९६९ मध्ये दाखवले.

२१ जोड्यांपैकी १८ मध्ये ६-एमपी जिंकले, ३ मध्ये हरले. नुसत्या नाणेफेकीने इतका एकतर्फी निकाल हजारातून एकदाही येत नाही. ६-एमपी घेणाऱ्यांत आजार दबून राहण्याचा मध्यक काळ २३ आठवडे निघाला, इतरांत ८. अहवाल १९६३ मध्ये छापला गेला. ६-एमपी घेणाऱ्या २१ जणांपैकी १२ जणांचा आजार तोवर उलटलेलाच नव्हता. अशा अपुऱ्या नोंदी कशा मोजायच्या, यावर एडमंड गेहान यांनी १९६५ मध्ये नवी चाचणी मांडली.

मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात ६-एमपीची गोळी आजही महिनोन्‌महिने दिली जाते.