नाताळची सुट्टी, आगगाडी आणि घरी राहिलेली माणसे

१९०० सालचा डिसेंबर. मुंबई उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती लाहोरला जाण्याची तयारी करीत होते. तेथे वाचावयाचे भाषण लिहून झाले होते. नाताळची सुट्टी लागताच निघावयाचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. या वेळी मात्र प्रकृतीने दगा दिला आणि डॉक्टरांनी प्रवासास साफ मनाई केली. न्यायमूर्तींचे नाव महादेव गोविंद रानडे. हा धागा त्यांच्या त्या न घडलेल्या प्रवासाचा आहे, आणि डिसेंबरच्या ज्या शेवटच्या आठवड्याने एका अख्ख्या पिढीला दरवर्षी घराबाहेर काढले, त्या आठवड्याचाही. #धागा

आरंभ पुण्यापासून करावा लागतो. १८८५ साली राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरवण्याचे ठरले तेव्हा स्थळ मुंबई नव्हते, पुणे होते. तारखा २५ ते ३१ डिसेंबर. पुण्यात पटकीची साथ उद्भवली म्हणून ऐनवेळी बिऱ्हाड मुंबईस हलले आणि २८ डिसेंबर रोजी गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. स्थळ बदलले, पण आठवडा तोच राहिला, कारण तो बदलणे कोणाच्याच हाती नव्हते.

कारण साधे आहे. जमणारे लोक कोण होते? वकील, वृत्तपत्रांचे संपादक, प्राध्यापक, डॉक्टर, व्यापारी. त्यांतही वकिलांचा भरणा मोठा. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे स्वतः कलकत्त्याचे बॅरिस्टर. वकिलाला वर्षाच्या मध्ये आठ दिवस उठून परप्रांती जाता येत नाही. पक्षकार थांबत नाही आणि तारीख तर त्याहून थांबत नाही. कोर्ट-कचेऱ्या आणि महाविद्यालये देशभर एकाच वेळी बंद असण्याचा काळ म्हणजे नाताळ. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सणासाठी घेतलेली रजा त्यांच्याच कारभाराची झाडाझडती घेण्यास उपयोगी पडावी, यातील गंमत त्या काळच्या लोकांच्याही लक्षात आली असेलच.

दुसरी सोय आगगाडीची. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले, १८७१ मध्ये रायचूरमार्गे मद्रास. म्हणजे राष्ट्रीय सभा जन्मली तेव्हा हे जाळे जेमतेम पंधरा वर्षांचे होते. रानड्यांच्या आजोबांच्या पिढीत मद्रासला जाऊन आठवड्याभरात परत येणे ही कल्पनाही कोणी केली नसती. आता सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी गाडीत बसावे, दोन रात्री डब्यात काढाव्यात, तीन दिवस मंडपात, पुन्हा दोन रात्री डब्यात, आणि कोर्ट उघडण्याच्या दिवशी हजर. अधिवेशन तीन-चार दिवसांचे असे, त्यामागे हा सुट्टीचा हिशेब होता.

आता घराकडे वळू. मराठी ब्राह्मण घराच्या पंचांगात या आठवड्याला काहीच महत्त्व नाही. दिवाळी होऊन गेलेली, संक्रांत पुढे. मार्गशीर्ष सरत आलेला किंवा पौष लागलेला, आणि पौष तर लग्नकार्याला वर्ज्य. त्यामुळे कर्ता पुरुष सणासुदीला घरी नाही, अशी तक्रार करण्यास जागा नव्हती. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर वर्षभर कोर्टात, कॉलेजात, सभा-समित्यांत गुंतलेला माणूस ज्या एका आठवड्यात घरी सापडला असता, नेमका तोच आठवडा गेला. ही किंमत इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच नोंदलेली दिसते, कारण ती ठराव करणाऱ्यांनी भरली नाही.

ती नोंदलेली सापडते ती एका स्त्रीच्या पुस्तकात. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. लग्न १८७३ मध्ये झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या आणि रानडे एकतीस वर्षांचे. पतीने शिकवायचे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्या शिकण्यावरून टोचून बोलायचे, असा संसार. रानडे समजून घेतल्याशिवाय त्या काळचे राजकारण समजत नाही असे म्हणतात. पण रमाबाई वाचल्याशिवाय रानडे समजत नाहीत, हेही तितकेच खरे.

या पुस्तकातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. रानड्यांच्या घरात कामाचा प्रवास आणि कौटुंबिक आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखालील कामासाठी १८८० च्या दशकात त्यांना पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतून कोर्टांची तपासणी करीत हिंडावे लागे. ही फिरती मुख्यतः कोरड्या, थंड हंगामात. पावसाळ्यात देशावरचे रस्ते चिखलात जात. रमाबाई बरोबर असत. पुण्याच्या वाड्यापेक्षा त्या गावोगावच्या मुक्कामांत त्यांना अधिक मोकळा श्वास मिळाला असावा, असे आठवणी वाचताना वाटत राहते. सासरची टीका करणारी मंडळी तेथे नव्हती. वाचायला वेळ होता आणि शिकवणाराही समोर होता.

पुढे १८८६ मध्ये रानड्यांची नेमणूक सरकारच्या फायनान्स कमिटीवर झाली आणि मुक्काम सिमला व कलकत्ता असा हलला. कलकत्त्याची एक आठवण फार गोड आहे. रानड्यांनी बंगाली शिकायला घेतले आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याकडूनच ते शब्दांचे उच्चार समजून घेऊ लागले. रमाबाईंना त्याचे हसू आले. रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला दिला. सरकारी कामावर गेलेल्या नवराबायकोचा असा खेळीमेळीचा क्षण त्या काळच्या मराठी गद्यात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

रानडे सरकारी नोकर, त्यामुळे राष्ट्रीय सभेचे प्रतिनिधी होऊन राजकीय ठराव मांडणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी वेगळी वाट काढली. १८८७ मध्ये मद्रासला, राष्ट्रीय सभेच्याच आठवड्यात, सामाजिक परिषद भरू लागली. विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण, परदेशगमन हे तिचे विषय. तेच प्रवासी, तोच मंडप, तीच सुट्टी. फक्त प्रश्न सरकारला विचारायचे नसून स्वतःच्या घराला विचारायचे होते. तेव्हापासून दर नाताळात रानडे या परिषदेसाठी निघत: कधी अलाहाबाद, कधी कलकत्ता, कधी नागपूर, कधी लाहोर.

घराला विचारलेले प्रश्न घरापर्यंत पोहोचत होते का? १८८९ च्या मुंबईच्या अधिवेशनात सुमारे दहा स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या, त्यांत पंडिता रमाबाई होत्या, कलकत्त्याच्या डॉक्टर कादंबिनी गांगुली होत्या. पुढल्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनीबाई व्यासपीठावरून आभाराचे भाषण बोलल्या. बाकी हजारो प्रतिनिधींच्या बायका मात्र आपापल्या गावी होत्या.

प्रवासात अन्नाचा प्रश्नही लहान नव्हता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींनी चहा घेतला, तर त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. स्वतःच्याच शहरात एका पेल्यावरून हे होत असेल, तर मद्रास-लाहोरच्या छावणीत काय खाल्ले याकडे घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि उपाध्यायांचे किती बारीक लक्ष असेल! १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनाला दक्षिण आफ्रिकेहून परतलेले गांधी गेले होते. तेथे तमिळ प्रतिनिधींचा स्वयंपाक दृष्टिदोष टाळण्यासाठी चहूबाजूंनी बंदिस्त करून वेगळा मांडलेला त्यांनी पाहिला, आणि शौचकूपांची घाणही पाहिली. ती त्यांनी स्वतः झाडू घेऊन साफ केली. मंडपातले भाषण राष्ट्राचे, मंडपामागचे ताट जातीचे, असा तो मामला होता.

१८९५ ला अधिवेशन पुण्यात आले. म्हणजे या वर्षी प्रवास नाही, पाहुणेच घरी येणार. आणि भांडण पेटले ते नेमके याच वर्षी. सामाजिक परिषद राष्ट्रीय सभेच्या मंडपात भरू देणार नाही, असा टिळकपक्षाने आग्रह धरला. वाद इतका विकोपास गेला की रानड्यांनी नमते घेतले आणि परिषद दुसऱ्या जागी भरली. परगावच्या मंडपात आठ वर्षे चाललेली गोष्ट स्वतःच्या गावात चालली नाही. परगावी माणूस सुधारक होऊ शकतो. स्वतःच्या पेठेत त्याला शेजारी असतात.

मग प्लेग आला. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत, नंतर पुण्यात. रेल्वे प्रवाशांची स्थानकांवर वैद्यकीय तपासणी सुरू झाली. स्त्रियांच्या तपासणीवरून संताप उसळला. १८९७ च्या नाताळात अमरावतीस अधिवेशन भरले तेव्हा टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. त्याच अमरावतीत बंगालच्या अश्विनीकुमार दत्तांनी वर्षातून एकदाच भरणाऱ्या या मेळ्याला ‘तीन दिवसांचा तमाशा’ म्हटले. टीका बोचरी होती आणि बव्हंशी रास्तही होती. सुट्टीपुरते राजकारण सुट्टीबरोबर संपते. रानड्यांच्या परिषदेलाही हाच आक्षेप लागू होता, फरक एवढाच की तिच्यातून परतलेल्या माणसाला उंबरठ्याच्या आत वर्षभर जाब विचारणारे कोणीतरी असे.

आता पुन्हा १९०० च्या डिसेंबरकडे. तेरा वर्षे सांभाळलेली परिषद, आणि पहिल्या आखणीपासून जवळ असलेला माणूस मुंबईत अंथरुणाला जखडलेला. लाहोर म्हणजे दोन दिवसांहून अधिक गाडी, आणि पंजाबची थंडी. रमाबाईंनी या दिवसांचे वर्णन सविस्तर केले आहे. शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला पतीचे न जाणे ही सुटका होती. पतीला तेच सर्वांत मोठे दुःख होते. एका घरात, एकाच दिवशी, एकाच निर्णयाने.

भाषण मात्र लाहोरला गेले. गोखल्यांनी ते तेथे वाचून दाखवले. विषय वसिष्ठ आणि विश्वामित्र: एक जन्मसिद्ध अधिकाराचा ऋषी, दुसरा तपाने वर चढलेला. जातीच्या बंदिस्त चौकटीविरुद्ध पुराणातलेच शस्त्र उपसण्याची ही खास रानडे-पद्धत. त्याच लाहोरात राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते नारायण गणेश चंदावरकर, रानड्यांचे निकटचे सहकारी. पुढे १९०१ मध्ये तेही उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मंडळी लाहोरहून परतली त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, १६ जानेवारी १९०१ रोजी, रानडे गेले.

चार वर्षांनी, १९०४ च्या नाताळाच्या आठवड्यात, अधिवेशन मुंबईस भरले. सामाजिक परिषदेला जोडून या वेळी स्त्रियांची स्वतंत्र ‘भारत महिला परिषद’ भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई रानडे होत्या. विधवेने चारचौघांत येऊ नये असे मानणाऱ्या समाजात त्या आल्या, बसल्या आणि बोलल्या. एकेकाळी घरात लपून वाचणारी ती मुलगी त्या आठवड्यात सभेची यजमानीण झाली होती.

१९०७ च्या नाताळात सुरतेस काय झाले हे येथे सांगत नाही. त्या जोड्यासाठी वेगळा धागा लागेल.

आठवडा मात्र तसाच चालू राहिला. १९१२ मध्ये बांकीपूरच्या अधिवेशनास गेलेल्या तरुण जवाहरलाल नेहरूंना तेथे इंग्रजी जाणणाऱ्या वरच्या वर्गाचा, कडक इस्त्रीच्या विजारींचा मेळावा दिसला. सुट्टीच वकिलांची, मग मेळावा दुसऱ्या कोणाचा असणार? गांधींच्या काळात मंडपात शेतकरी आणि मजूर येऊ लागले, तेव्हा जुनी सोय अडचण ठरली. त्यांना नाताळची रजा नव्हती, आणि उत्तरेतल्या डिसेंबरात अंगावर घालायला पुरेसे कपडेही नव्हते.

निर्णय झाला तो पुन्हा लाहोरातच. १९२९ च्या डिसेंबरात, रावीच्या काठी, हाडे गोठवणाऱ्या थंडीत पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. त्याच अधिवेशनात आणखी एक ठराव संमत झाला, ज्याची आठवण फारसे कोणी काढत नाही: यापुढे अधिवेशन डिसेंबरात न भरवता फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवावे. गांधींचे म्हणणे होते की ही थंडी गरिबांना सोसत नाही. पुढचे अधिवेशन कराचीस मार्च १९३१ मध्ये, उघड्या आकाशाखाली भरले.

या नियमाला पुढे एक मोठा अपवाद झाला, आणि तो खानदेशात. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूर येथे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी छावणी सजवली होती, अध्यक्ष होते नेहरू. आठवडा नाताळचाच होता; पण आसपासच्या गावांतून बैलगाड्या जुंपून आणि पायी चालत आलेल्या माणसांना कोर्ट केव्हा उघडते याच्याशी काही कर्तव्य नव्हते.