तगरचा यवन आणि गाडीचं कोडं

लातूर सोडा, मुरूड-ढोकीवरून तेरच्या वाटेला लागा आणि जवळपास एकोणीसशे वर्षं मागे या. तेरणाकाठचं हे गाव आता तगर आहे. सातवाहनांची पेठ. जाड्याभरड्या आणि तलम कापडाचे गठ्ठे गाड्यांवर चढताहेत. दहा दिवसांत पैठण, तिथून वीस दिवसांत भडोच. पुढचा प्रवास गलबतानं. ‘पेरिप्लस’ ही सागरी मार्गदर्शिका लिहिणाऱ्या अनाम ग्रीक दर्यावर्दीनं हे अंतर आधीच टिपून ठेवलंय.

चला गाडीमागून. साटा उन्हानं तापलाय, आखाला वंगण नाही म्हणून चाक करकरतंय. शेजारून चाललेला यवन, म्हणजे ग्रीक, व्यापारी प्राकृतात विचारतो, ‘‘यात गाडी कुठली? जू?’’

‘‘नाही.’’

‘‘मग चाक? आख?’’

तुम्ही मान हलवत राहता. तो हसतो. हे कोडं त्याचं नाही, भिक्खू नागसेनाचं. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, रथातून आला, तेव्हा नागसेनानं त्याला असंच कोंडीत पकडलं, अशी कथा आहे. सगळे भाग जुळले की व्यवहारापुरतं ‘रथ’ म्हणायचं, माणसाचंही तसंच. ‘‘आमचा राजा हरला नाही हो,’’ यवन घाईनं सांगतो, ‘‘पटलं त्याला!’’

ग्रीक-बौद्ध भेट म्हटलं की आपण गांधारच्या मूर्तींकडे धावतो. महाराष्ट्रात ती दानाच्या लेखांत सापडते. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. पैठणहून नाशिककडे वळा, पांडवलेणी चढा. सतराव्या लेण्यात छिन्नीचा चुरा डोळ्यांत जातोय. दाता उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा यवन, इंद्राग्निदत्त. बापाचं नाव धम्मदेव, मुलाचं धम्मरक्षित. मधल्या पिढीत मात्र इंद्र आणि अग्नी दोघंही. आईवडिलांसाठी लेणं, आत चैत्यगृह, पाण्याची टाकी, सगळं भिक्खुसंघाला. ग्रीक अक्षर एकही नाही. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत.

मग यातला यवन कुठला? नाव? लिपी? श्रद्धा? नागसेनाला गाठून विचारावं असा प्रश्न आहे. पाथरवटाला मात्र त्याचं काही नाही. ‘योनकस’, म्हणजे ‘यवनाचं’, कोरून तो धम्मदेवाच्या ‘ध’ला लागलाय, आणि आतलं चैत्यगृह अजून अर्धंच खोदून झालंय.