सहा मिनिटे चालण्याची चाचणी: कोव्हिड, फ्लूनंतर धाप लागत असेल तर ती काय सांगते?

कोव्हिड किंवा गंभीर फ्लूमधून बरे झालेले अनेक जण एकच तक्रार करतात: बसून असताना काही त्रास नसतो, पण जिना चढला की धाप लागते. ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, छातीचा एक्स-रेही कधी कधी ठीक असतो. मग दम का लागतो? याचे उत्तर शोधण्यासाठी डॉक्टर रुग्णाला चालायला लावतात.

बसल्या जागी का कळत नाही?

विश्रांती घेताना शरीराला ऑक्सिजन कमी लागतो. फुफ्फुसांचा काही भाग नीट काम करत नसला, तरी उरलेला भाग ही गरज भागवतो. चालू लागल्यावर स्नायूंची मागणी वाढते, रक्त फुफ्फुसांतून वेगाने वाहते आणि लपलेली कमतरता उघडी पडते.

चाचणी कशी होते?

साधारण ३० मीटर लांबीच्या सपाट, मोकळ्या मार्गिकेत रुग्णाने स्वतःच्या गतीने सहा मिनिटे चालायचे असते. धावायचे नाही, दम लागला तर थांबायला मुभा असते, पण घड्याळ चालूच राहते. सुरुवातीला आणि शेवटी ऑक्सिजन, नाडी, धाप आणि थकवा यांची नोंद होते. एकूण किती मीटर अंतर कापले, हा मुख्य निकाल. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी केली आणि अंतर सुमारे ३० मीटरने वाढले, तर ती सुधारणा सहसा अर्थपूर्ण मानली जाते.

आधी अशीच चाचणी १२ मिनिटांची होती. दीर्घकालीन श्वसनविकाराच्या रुग्णांना ती दमवणारी असल्याने १९८२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दोन, सहा आणि १२ मिनिटांची तुलना केली. सहा मिनिटांचा पर्याय पुढे जगभर रुळला.

महाराष्ट्रात ती घरोघरी कशी पोहोचली?

२०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने घरीच असलेल्या रुग्णांना ही चाचणी करण्याचे आवाहन केले होते. चालल्यावर ऑक्सिजन ९३ पेक्षा खाली गेला, आधीपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त घसरला किंवा धाप लागली, तर रुग्णालय गाठावे, असा सल्ला होता. साठीपुढच्यांसाठी तीनच मिनिटे पुरेशी मानली होती. तिथे उद्देश धोका वेळीच ओळखण्याचा होता. आजारानंतरच्या चाचणीत शरीर किती सावरले, हे पाहिले जाते.

अंतर कमी भरले तर?

ही चाचणी कारण सांगत नाही. फुफ्फुस, हृदय, रक्तक्षय की अंथरुणावर पडून अशक्त झालेले स्नायू, हे ठरवायला पुढच्या तपासण्या लागतात. गरज पडल्यास मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिलवर चाचणी करतात. त्यात श्वासातील वायू आणि ईसीजी एकाच वेळी तपासले जातात आणि अडचण नेमकी कुठे आहे याचा अंदाज येतो.

कोणी करू नये?

बसल्या जागीही धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ही चाचणी करू नये. विश्रांतीतली नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. घरी करताना सोबत कोणीतरी असावे. थंड बोटे किंवा नेलपॉलिशमुळे ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो.

आकडे चांगले, तरी त्रास?

काही रुग्ण चाचणी व्यवस्थित पार करतात, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवत नाही. श्रमानंतर १२ ते ७२ तासांनी लक्षणे बळावणे हे लाँग कोव्हिडमध्ये दिसते. सहा मिनिटांच्या नोंदीत ते सापडत नाही. म्हणून चाचणीनंतरचे दोन-तीन दिवस कसे गेले, हेही डॉक्टरांना सांगावे. अशा रुग्णांनी ‘रोज थोडे जास्त चाला’ हा सल्ला सरसकट पाळला, तर त्रास वाढू शकतो. त्यांच्यासाठी झेपेल तेवढेच काम आणि मध्ये विश्रांती, हीच सुरक्षित वाट. निकाल सामान्य आला म्हणजे त्रास मनाचा खेळ आहे, असा अर्थ घरच्यांनीही काढू नये.