जांबोटी-कणकुंबीच्या रानातील नेचे : ओळख

बेळगावहून पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे गेले की दरडींवर, झाडांवर नेचे दिसतात. नेच्याला फूल नाही, बी नाही. म्हणून आम्ही पान उलटून पाठ पाहतो. तिथले तपकिरी ठिपके म्हणजे कीड नव्हे, ते बीजाणूंचे पुंजके असतात.

हंसराज : देठ काळा, चकचकीत, तारेसारखा. बीजाणू पानाच्या दुमडलेल्या कडेखाली. पानावर पाणी टिकत नाही.

चंदेरी नेचा : पानाच्या पाठीला पांढरी भुकटी. पान हातावर दाबले की नक्षी उमटते.

बाशिंग : झाडाच्या खोडावर किंवा खडकावर वाढते. पाने दोन प्रकारची. लांब, खोल कातरलेल्या हिरव्या पानांच्या पाठीवर ठिपके असतात. तळाशी लहान, तपकिरी, वाळकी पाने असतात. त्यांत पालापाचोळा साठून कुजतो व मुळांना खत मिळते. पावसाळा सरला की हिरवी पाने सुकून झडतात. तेव्हा मेले समजून बाशिंग उपटू नये. पुढच्या पावसात त्याच खोडाला पुन्हा पाने फुटतात.

गुंडाळलेले कोवळे कोंब भाजीसाठी खुडू नयेत. काही नेचे विषारी असतात. ओळख पटवायला पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पुरतात.