अस्थिशल्यचिकित्सा : जंतुसंसर्ग, प्रशिक्षण व संशोधन (बीड जिल्हा)

हाडे, सांधे आणि त्यांना धरून असलेले स्नायू, स्नायुबंध यांच्या दुखापती व विकारांवर शस्त्रक्रियेने उपचार करणारी वैद्यकशाखा. लोकांच्या बोलण्यात तिचा तज्ज्ञ म्हणजे ‘हाडाचा डॉक्टर’. त्याच्या कामाची लोकभाषाही ठरलेली आहे : कच्चे प्लास्टर, पक्के प्लास्टर, पायाला वजन लावणे, सळई टाकणे, पट्टी बसवणे. या शाखेतला सर्वांत चिवट प्रश्न जंतुसंसर्गाचा आहे, आणि त्यालाही लोकांकडे थेट शब्द आहेत : ‘हाडात पू झाला’, ‘हाड किडलं’.

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावातून हाडाच्या मोठ्या दुखापतीचा रुग्ण अंबाजोगाई, लातूर किंवा बीड गाठतो. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1970 च्या दशकाच्या मध्यावर निघाले. ग्रामीण भागासाठी काढलेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईतच, तेव्हाच्या मोमिनाबादेत, शिक्षक म्हणून काम केले होते. वैद्यकीय शिक्षण शहराबाहेर न्यावे हा विचार या महाविद्यालयामागे होता. हाडांच्या बाबतीत तो फार मोलाचा आहे, कारण इथल्या दुखापती शहरातल्यांपेक्षा वेगळ्या असतात. मळणी यंत्रात सापडलेला हात, उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली आलेला पाय, बैलगाडीच्या चाकाखाली चिरडलेली नडगी, विहिरीच्या कामावर घसरून मोडलेला मणका. जखमेत माती असते, शेण असते, उसाचे पाचट असते.

हाड मोडून त्वचा फाटली की त्याला उघडा अस्थिभंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकापर्यंत अशा जखमेवर पुष्कळदा पाय कापणे हाच उपाय असे. 12 ऑगस्ट 1865 रोजी ग्लासगोच्या इस्पितळात जेम्स ग्रीनलीज नावाचा 11 वर्षांचा मुलगा आला. त्याच्या डाव्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड ठेवले. पू न होता जखम भरली आणि सुमारे 6 आठवड्यांत हाड जुळले. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा इतिहास असा एका गाडीच्या चाकापासून सुरू होतो. बीडच्या ऊसपट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरला ही गोष्ट जुनी वाटणार नाही.

आज उघड्या अस्थिभंगाची प्रतवारी गस्टिलो व अँडरसन यांच्या 1976 च्या वर्गीकरणाने होते. पहिल्या प्रकारात संसर्गाचे प्रमाण फार तर 2 टक्के, तिसऱ्यात मात्र ते 10 पासून 50 टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. एखादा अंगठा मोडला म्हणून कुणाचे घर उलथत नाही. नडगीचा तिसऱ्या प्रकारचा अस्थिभंग मात्र कर्त्या माणसाला 2-2 वर्षे खाटेला बांधून ठेवतो. प्रतिजैविकाची पहिली मात्रा जितकी लवकर, शक्यतो पहिल्या तासाभरात, मिळेल तितके बरे. 2014 पासून राज्यात धावणाऱ्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्ण उचलण्याचा वेळ कमी केला, पण ती पहिली सुई कुठे टोचली जाते हा प्रश्न उरतोच. ती गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. एक सुई, धनुर्वाताची लस, जखमेवर ओले स्वच्छ कापड आणि खाली फळी : एवढ्यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही.

पुढचे काम धुण्याचे. मोठ्या जखमेसाठी 9 लिटर सलाइन वापरण्याचा रिवाज आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 18 बाटल्या. पाणी लाल येते, मग गुलाबी, मग मातकट कण कमी होत जातात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2,400 हून अधिक रुग्ण होते आणि तीत भारतातील रुग्णालयेही सहभागी होती. साबणाचे पाणी साध्या सलाइनपेक्षा सरस नाही, आणि धार जोराची असो वा हलकी, निकालात फरक पडत नाही, असे तीत दिसले. महागडे यंत्र नसलेल्या रुग्णालयाला धीर देणारा हा निष्कर्ष आहे. पाण्याइतकेच महत्त्व मेलेले मांस व हाड काढण्याला. स्नायू चिमट्यात धरल्यावर आकसला पाहिजे, कापल्यावर त्यातून रक्त आले पाहिजे. हाड खरवडत जावे तर पांढऱ्या पृष्ठभागावर तिखट शिंपडल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत. ते ठिपके दिसले की हाड जिवंत आहे आणि तिथे थांबायचे. ही नजर पुस्तकातून येत नाही. शिकाऊ डॉक्टरचा हात धरून कुणीतरी ती द्यावी लागते, आणि नेमके हेच काम रात्री 2 वाजता, वरिष्ठ समोर नसताना, सर्वांत कनिष्ठ निवासी डॉक्टरच्या वाट्याला येते.

धातू आत गेला की गणित बदलते. 1957 साली इलेक व कोनेन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात त्वचेखाली पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जंतू लाखोंच्या संख्येने लागले. तिथे टाक्याचा धागा असला तर काही शेकडा पुरले. सळई व पट्टी यांचेही तसेच. जंतू धातूवर चिकट थर धरतात आणि त्या थराच्या आत औषध पोहोचत नाही. म्हणून वरून जखम भरलेली दिसते, महिना जातो, आणि मग टाक्याच्या रेषेवर एक बारीक तोंड फुटून त्यातून पू झिरपू लागतो. आत मृत हाडाचा तुकडा असतो. तो निघेपर्यंत हे तोंड मिटत नाही. गोळ्या बदलून, जास्त भारी औषध देऊन भागत नाही. उलट नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. अशा जुन्या संसर्गात क्षयाचीही शंका घ्यावी लागते, कारण हाडाचा क्षय या भागातून गेलेला नाही. पू किंवा हाडाचा तुकडा तपासणीला पाठवल्याशिवाय औषध सुरू करू नये हा नियम शिकवला जातो सगळीकडे, पाळला जातो कमी.

मृत हाड काढल्यावर पडणारी पोकळी भरण्याचा एक मार्ग रशियातील कुर्गान येथे गावरील इलिझारोव्ह यांनी दाखवला. पायाभोवती कडी बसवून, निरोगी भागात हाड कापून, तो तुकडा दिवसाला 1 मिलिमीटर सरकवायचा; मागे नवे हाड तयार होत जाते. व्यवहारात हे काम घरचे माणूस करते. हातात छोटा पाना, नट पाव फेरा, दिवसातून 4 वेळा. 5 सेंटिमीटरची पोकळी भरायला फक्त सरकवण्याचेच 50 दिवस, मग ते हाड पक्के होण्याचे कित्येक महिने. तारांच्या मुळाशी रोज स्वच्छता ठेवायची. ज्या घरात पाणी टँकरने येते तिथे या वाक्याचा अर्थ काय होतो, ते प्रशिक्षणात सांगितले गेले पाहिजे. कमी खर्चाच्या बाह्य साधनांत महाराष्ट्राचा स्वतःचा वाटाही आहे : मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांची ‘जेस’ नावाची पद्धती मुलांच्या वाकड्या पावलांपासून हाताच्या दुखापतींपर्यंत वापरली गेली. कोपर ते मनगट यांमधल्या हाडांसाठी तळवलकर यांच्या चौकोनी सळया हेही मुंबईचेच काम.

अस्थिशल्यचिकित्सेची पदव्युत्तर पदवी 3 वर्षांची असून प्रबंध सक्तीचा आहे. शासकीय महाविद्यालये 1998 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने 3 महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचे असते. या शिक्षणात एक पोकळी आहे, ती अशी : शिकाऊ डॉक्टर शस्त्रक्रिया शेकड्याने पाहतो, तिचे वर्षानंतरचे रूप क्वचित पाहतो. प्रबंधासाठी रुग्ण काही महिन्यांपुरते पाहिले जातात. धातू बसवलेल्या शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग मोजण्याची मुदत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2013 साली 1 वर्षावरून 90 दिवसांवर आणली आणि बहुतेक ठिकाणी तीच धरली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली, मणिपाल व मुंबईतील 3 मोठ्या रुग्णालयांत सुमारे 3,000 रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा 5.2 टक्क्यांना शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग झाला आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचा संसर्ग घरी गेल्यानंतर कळला. घरी गेल्यावर फोन करून विचारले म्हणून तो कळला, हे विसरू नये.

बीड जिल्ह्यात घरी गेलेला माणूस घरी नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे पाय बरा असो नसो जावेच लागते. भाद्रपदात नडगीत सळई पडलेला माणूस पौषात सातारा, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या फडावर असतो. पू आला तर तिथल्याच एखाद्या दवाखान्यात सुई घेतो. इकडे त्याच्या कागदावर ‘पाठपुराव्याला आला नाही’ अशी नोंद होते आणि तो आकडेवारीतून गळतो. ज्यांना संसर्ग होण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमके तेच मोजणीतून सुटतात. त्यामुळे कागदावरचे प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून या जिल्ह्यापुरता तपासणीचा वार पंचांग पाहून ठरवावा लागेल : एक भेट टोळी निघण्याआधी, मध्ये आशाताईंमार्फत किंवा मुकादमाच्या फोनवर चौकशी, आणि पुढची भेट गुढीपाडव्यानंतर, कारखान्यांचे गाळप थांबून बैलगाड्या गावाकडे वळतात तेव्हा.