यादीतलं नाव

विष्णू गणेश पिंगळे आणि पांडुरंग खानखोजे. एक तळेगाव ढमढेऱ्याचे, दुसरे वर्ध्याचे. दोघेही शिकायला अमेरिकेत गेले आणि दोघेही १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षात ओढले गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकात गदर म्हणजे पंजाबी मंडळींचं प्रकरण म्हणून चार ओळींत उरकलेलं असायचं, त्यामुळे ही दोन मराठी माणसं आपल्याला सहसा भेटतच नाहीत.

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं. इंग्रज अडकलाय, हीच वेळ, असं म्हणून गदरवाले कामधंदे सोडून हिंदुस्थानच्या बोटीत बसले. सरकारला खबर होतीच. ५ सप्टेंबरला वटहुकूम निघाला. सोप्या मराठीत सांगायचं तर, बाहेरून येणाऱ्या कुणालाही, तो इथलाच असला तरी, बंदरावर अडवायचं आणि त्याने कुठे जायचं-राहायचं ते सरकारने ठरवायचं. गंमत म्हणजे (कसली गंमत!) तोवर हिंदुस्थानात यायला साधा पासपोर्टही लागत नसे. तो कायदा १९२० चा.

पहिला दणका बसला कोमागाटा मारूच्या प्रवाशांना. कॅनडाने त्यांना उतरूच दिलं नव्हतं. २९ सप्टेंबरला ते कलकत्त्याजवळ बजबजला उतरले, तर सरकारने त्यांना थेट पंजाबात न्यायला आगगाडी उभी करून ठेवलेली. त्यांना जायचं होतं कलकत्त्यात. गोळीबार झाला, वीसेक माणसं गेली. परक्यांनी दार लावलं हे एक वेळ समजतं, पण आपल्याच किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर ही गत?

पिंगळे मात्र निसटले. नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरले ते कुणाच्या हाती न लागता. रासबिहारी बोसांबरोबर पलटणींमध्ये उठाव घडवायच्या मागे लागले आणि मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी. त्याच दिवशी करतारसिंग सराभाही गेला. पिंगळे २७ वर्षांचे होते. घरी परत येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

खानखोज्यांची वाट वेगळीच. युद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मग बर्लिन, मॉस्को, आणि १९२४ पासून मेक्सिको. शेतीशास्त्र शिकलेले होतेच. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना एका भित्तिचित्रात रंगवलंय. टेबलाभोवती माणसं जमलीत आणि मध्ये बसून भाकरी मोडतोय तो आपला वर्ध्याचा माणूस!

पण वर्ध्याला जायची सोय नव्हती. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं.

२०२० च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली तेव्हा परदेशातल्या आपल्या लोकांचे फोन आठवतात? "वंदे भारतच्या यादीत नाव आलं का?" हाच एक विषय. ते रोगामुळे होतं, तुलना फार ताणत नाही. शिवाय तिथे यादीत नाव असलं तर घर मिळत होतं, खानखोज्यांचं उलटं होतं. पण तेव्हाच्या काही महिन्यांत जीव किती मेटाकुटीला आला होता, त्यावरून ते तीस-चाळीस वर्षांचा अंदाज बांधून बघा.

आणि खरी टोचणी पुढेच आहे. १९४७ साली इंग्रज गेला, यादी राहिली. खानखोज्यांनी भारतात यायला व्हिसा मागितला तर आपल्याच सरकारने नाकारला, कारण इंग्रजांनी घातलेली बंदी कुणी उठवलीच नव्हती. हा दुष्टपणा नसावा. फायलीचा निबरपणा असावा. मला तोच जास्त भयंकर वाटतो. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

पुढे तो निर्णय फिरवला गेला आणि १९५५ साली ते कायमचे परतले, नागपूरला स्थायिक झाले. १९६७ मध्ये वारले. त्यांच्या लेकीने, सावित्री साहनी यांनी, त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलंय, २००८ साली आलं. 'मी कधीही माफी मागणार नाही' अशा अर्थाचं नाव आहे. मिळालं तर जरूर वाचा.